आण्णाची डबी

"अवो, कसली हवा ऐकताय? त्या डबीची पिन मी मघाशीच काढलीया!"

चार पाहुण्यांसमोर सुमन हे बोलली. तिचा नवरा, आमचा आण्णा, तेव्हा खुर्चीत डोळे मिटून सांगत होता, "गाणाऱ्याच्या भोवतीची हवासुद्धा ऐकू येती बघा. जुन्या डबीत ही हवा न्हवती." सांगलीहून आलेले चौघेही असल्या गाण्याच्या डब्यांच्याच पंथाचे. तेही माना हलवून हवा ऐकत होते.

झालं होतं असं. स्वयंपाकघरातला लाइटचा बोर्ड जळलेला. पाहुण्यांसाठी शेंगदाण्याची चटणी करायची म्हणून सुमननं बाहेरच्या खोलीत मिक्सर लावला. त्यासाठी नव्या डबीची पिन काढली. गाणं थांबलं तर नवरा ओरडेल, म्हणून स्पीकरची वायर जुन्या डबीत खुपसली आणि परत बदलायचं विसरली. नव्या डबीवर धूळ बसू नये म्हणून मखमली रुमाल असतो, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. सगळे जुन्याच डबीची हवा खात होते.

"आज लाइटच जरा खराब हाय," एक पाहुणा म्हणाला. मग चौघांनाही एकदम एस्टी आठवली.

आण्णा आमच्या समोरच राहतो. वारणेच्या डेअरीतून रिटायर झाला. माझ्यापेक्षा लहान, पण गल्ली आण्णा म्हणते म्हणून मीही म्हणते. ही डबी काय करते ते त्यानं मला पुष्कळदा समजावलं. गाणं फोनमध्ये आकडे होऊन बसलेलं असतं, आणि डबी त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते. मी म्हटलं, "ते तर फोनपण करतोय की."

"करतोय, पण अडाण्यासारखं करतोय. फरक हाय, आक्का, फरक!"

हा फरक त्यानं तीनदा विकत आणला. शेवटच्या फरकाच्या पैशात बरी दुभती म्हैस आली असती, आणि तिचा उपयोग कळायला डोळे मिटावे लागले नसते. प्रत्येक डबी आली की मला खुर्चीत बसवायचा. पंखा बंद. "बांगड्या वाजवू नका." मग एकच लावणी आधी या डबीतून, मग त्या डबीतून.

"सांगा, काय फरक?"

"घाम जास्त आला."

"आक्का, तुमचा कान तयार न्हाई."

नसेल. माझा कान चौथीपर्यंतच शिकलाय. पण गल्लीत कुणाच्या घरात भांडण लागलंय ते दार लावून सांगतो.

पाहुणे गेले तरी लावणी चालूच होती. सुमन मिक्सरचं भांडं धुवायला मागं गेली. आण्णा म्हणाला, "हिच्यात घुंगरं हायत, आक्का. पोरपणी रेडिओवर ऐकलीत मी. एकाबी मशीनीतनं येईनात. आता ह्याच्याहून भारी मशीन बघाय पायजे."

"घुंगरं वाजतायत की."

"कवा?"

"आत्ता. मघाधरनं वाजतायत. सगळ्या डब्यांत वाजतात."

त्यानं उठून गाणं बंद केलं आणि दाराकडे बघून हळू बोलला, "सुमनला बोलू नगा."

"काय बोलू नगं?"

"ती सकाळी देवासमोर अभंग म्हणती न्हवं, मी शेजारी बसतो. वरच्या सुरात गेली की नुसतं तोंड हललेलं दिसतंय. मी मान डोलवतो. तिला वाटतंय, मी ऐकतोय." मग म्हणाला, "मशीनच खराब असंल, असं वाटलं हुतं."

मी म्हटलं, "येड्या, डबीच्या आधी डॉक्टर करायचा."

"तुमी चला संगं."

दुसऱ्या दिवशी त्यानं सुमनला सांगितलं, "आक्काला ऐकू कमी येतंय. दाखवून आणतो." मी दारातच उभी होते. सुमनकडे न बघता चपला सरकवल्या.

डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र सांगितलं. त्याची किंमत ऐकून आण्णा म्हणाला, "एवढ्याशा यंत्राला एवढं?" तीन डब्या घेतलेला माणूस! मी एकच नजर टाकली. त्यानं मुकाट्यानं घेतलं.

आता सुमन देवापुढे बसली की आण्णा कानाला मफलर गुंडाळून शेजारी बसतो. भर उन्हाळ्यात. वारं बाधतंय म्हणतो. परवा मी प्रसादाला गेले होते, तेव्हा तो मान डोलवत नव्हता. खाली बघून मफलरच्या टोकानं डोळे पुसत होता.

मी उठले तशी सुमन माझ्या कानाशी वाकून केवढ्यांदा ओरडली, "आक्काऽ, परसाद घ्याऽ!" दूधवाला आता लांबूनच हातवारे करतो. शेजारच्यांची सून माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलते, आणि ते मला सगळं ऐकू येतं.

माझे दोन्ही कान शाबूत आहेत. डॉक्टरनं तपासले ते आण्णाचे.