पाठवू नये अशांची यादी

प्रभुला नोकरी बदलायची होती, आणि बायकोखेरीज कोणाला ते कळता कामा नये, अशी त्याची स्वतःलाच घातलेली अट होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पृथ्वीराज शेठच्या टॉवेल कारखान्यात तो अकरा वर्षं डाईंग, म्हणजे सूत रंगवायच्या खात्यात होता. सहा महिन्यांपूर्वी जुने डाईंग मास्तर निवृत्त झाले. तेव्हापासून मास्तरांचं सगळं काम प्रभु करत होता आणि शेठ मास्तर बाहेर शोधत होते.

भीतीला कारण होतं. मागच्या वर्षी वार्पिंगमधल्या, म्हणजे ताणा भरायच्या खात्यातल्या ज्ञानबाचा रिझ्युमे बाहेर फिरतोय असं शेठच्या कानावर आलं आणि त्याच संध्याकाळी गेटवर ज्ञानबाचं कार्ड काढून घेतलं गेलं. इकडे कुंभारी गावात प्रभुच्या घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलेलं. नवी नोकरी हातात येण्याआधी जुनी गेली, तर स्लॅबवर नुसतं उभं राहून आभाळ बघावं लागणार होतं.

म्हणून रिझ्युमे पाठवणारी संस्था विश्वासाची हवी होती. पहिल्या संस्थेने मोबाईलवर सांगितलं, "सर, दोन तासांत पाच हजार कंपन्यांना जाईल."

"कोणकोणत्या?"

"टॉप, सर. सगळ्या टॉप."

पाच हजारांत शेठ नक्कीच बसत होते. प्रभुने फोन ठेवला. दुसऱ्या संस्थेने नोकरीचं नाव काढायच्या आधी ओटीपी मागितला. तेव्हा त्याची बायको भुवनेश्वरी म्हणाली, "अहो, मुलगी द्यायची तर आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. हितं तर सगळा जन्म लिहिलेला कागद देताय. समोर माणूस बसलेला बघून तरी द्या."

माणूस बसलेला सापडला सात रस्त्याजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर. माणूस म्हणजे कीर्ती मॅडम. वय तिशीच्या आत, बोलणं मोजकं. त्यांनी पाच हजारांचं नाव काढलं नाही.

"तुम्हाला विचारल्याशिवाय एकाही कंपनीला रिझ्युमे जाणार नाही. काम झाल्याशिवाय फी नाही. आणि या फॉर्मवर, कोणाकडे पाठवायचा नाही ती नावं लिहून द्या. त्यांच्याकडे तुमचं नावसुद्धा निघणार नाही."

प्रभुला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे शेठच्या कंपनीचं नाव लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. मग त्याला आठवलं की शेठचा मेहुणा टेरी टॉवेलचा कारखाना चालवतो. ते लिहिलं. सूत देणारा व्यापारी रोज शेठकडे चहा पितो. तेही लिहिलं. रंग देणारा तर शेठबरोबर देवदर्शनाला जातो.

"मॅडम, फॉर्म घरी नेऊ का? यादी जरा लांबायला लागली."

आणि इथेच प्रभुचं चुकलं. शेठचे सगळे सोयरे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते शेजारच्या शिवलिंगप्पा काकांना. गेल्या तीस वर्षांत जमलेल्या शंभरेक सोयरिकींत काकांचा हात होता. कोणाची आत्या कुठं दिली, हे ते चष्मा न लावता सांगत. प्रभुने त्यांना सगळं सांगितलं, शपथ घातली आणि फॉर्म पुढे केला.

"अय्यो, एवढंच व्हय?" काका म्हणाले. "उद्या घिऊन जा."

दुसऱ्या दिवशी यादीत त्रेचाळीस नावं होती. प्रभु थक्क झाला.

"काका, एवढं सगळं पाठ हाय तुमाला?"

"पाठ कशाला? फोन लावले की. उगं एकाद्याचं नाव चुकून पडाय नको यादीत."

प्रभुने यादी खाली ठेवली. "फोन लावून काय सांगितलं?"

"खरं तेच. इचारलं, तुमी पृथ्वीराज शेठचे कोण लागता? ते म्हणले, का? म्हणलं, डाईंगमधला एक पोरगा हाय, लई हुशार, त्याला तुमच्याकडं कागद पाठवायचा न्हाय, म्हणून इचारतो."

"काका!"

"वरडतो कशाला? नाव घेतलं न्हाय तुजं. पोरीचं नाव आधी कुणी सांगतं व्हय?"

त्रेचाळीस कारखानदारांना आजवर नोकरी मागणारे हजारो भेटले होते. मागायची नाही, असं फोन करून कळवणारा पहिल्यांदाच भेटत होता. मेहुण्याने काकांना उलटा फोन केला, "आमच्यात काय खोट हाय ते तरी कळू द्या." सुताच्या व्यापाऱ्याने पोराचा पत्ता विचारला. आठवड्याभरात एमआयडीसीतल्या चहाच्या टपऱ्यांवर हा माणूस इचलकरंजीहून आलेला, परदेशात शिकलेला आणि एका नजरेत रंगाची शेड ओळखणारा झाला होता. प्रभुही टपरीवर उभा राहून "असंल बाबा" म्हणत होता आणि घरी येऊन घास गिळत नव्हता.

त्याने फॉर्म कीर्ती मॅडमना नेऊन दिला. त्यांनी तो उलटून पालटून पाहिला.

"सर, आता पाठवायचा कोणाला?"

"ते तुमी बघा की."

सोमवारी सकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. जाताना प्रभुने खिशातलं गेटचं कार्ड चाचपून घेतलं. परत द्यायचं तर नीट तरी द्यावं.

"दार लाव," शेठ म्हणाले. "प्रभु, गावात एक डाईंगवाला हाय म्हणं. कुणाकडंच जात न्हाय."

"ऐकलंय, शेठ."

"सात रस्त्याला एक मॅडम हायत. मी बी तिथं मास्तर पाहिजे म्हणून सांगून ठेवलंय. शनिवारी फोन केला, तर म्हणल्या, तुमच्या कामाचा माणूस आहे, पण तुमच्याकडं पाठवायला त्याची संमती नाही. नाव सांगणार नाही. मी म्हणलं, फी डबल घ्या. फोन ठिवला बाईनं!"

प्रभुच्या मनात कीर्ती मॅडमविषयी आदर दाटून आला. विश्वासाची संस्था म्हणजे काय, हे त्याला नेमकं आता कळलं, केबिनचं दार बंद असताना.

"मेहुणा सांगत हुता, अकरा वर्षं एकाच ठिकाणी राबतोय म्हणं," शेठ तापले. "मास्तरचं काम करून घेतात आन मास्तर करत न्हाईत! असल्या मालकाला काय म्हणावं?"

"मी काय सांगणार, शेठ?"

"डोळे फुटलेत त्याचे! तू खात्यातला हायस, शोध त्या डाईंगवाल्याला. म्हणावं, एकदा कागद तरी पाठव."

प्रभु बाहेर आला, बॉयलरच्या मागे गेला आणि फोन लावला.

"मॅडम, यादीतलं एक नाव काढायचंय. पहिलं."

"लेखी द्यावं लागेल, सर."

त्याने टॉवेलच्या लेबलामागे लिहून फोटो पाठवला. दहा मिनिटांत केबिनमधून पुन्हा बोलावणं आलं. शेठ कॉम्प्युटरवर आलेला रिझ्युमे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"हा तर तू हायस की."

"व्हय, शेठ."

"म्हंजे तो डोळे फुटलेला…"

"मी काय बोललो न्हाय. तुमीच बोललासा."

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. प्रभुने खिशातलं कार्ड घट्ट धरलं. शेठचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला, तिथून वळला आणि पाण्याच्या ग्लासावर थांबला. ग्लास रिकामा होईपर्यंत प्रभुला कुंभारीची स्लॅब दिसत होती.

"ह्या मॅडमचा एक नियम हाय," शेठ शेवटी म्हणाले. "इंटरव्ह्यू घेतल्याशिवाय नेमायचं न्हाय. उद्या अकराला ये."

"उद्या कसं जमंल, शेठ? मास्तर न्हाईत म्हणून डाईंगच्या सगळ्या सुट्ट्या बंद केल्यात तुमी."

शेठनी थोडा विचार केला.

"सुट्टीचा अर्ज दे, सही करतो. कारण काय लिहिशील?"

"घरगुती," प्रभु म्हणाला.