भास्करनाना चढायला लागले

भास्करनानांना कोणी वरच्या मजल्यावर बोलावलं, की ते खालच्या पायरीपाशी उभे राहून आधी विचारायचे, "काम किती पायऱ्यांचं आहे?"

धुळ्याच्या आमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसात साहेब वर बसत आणि नाना खाली, जुन्या नकाशांच्या खोलीत. मध्ये बावीस पायऱ्या. नुसती सही हवी असेल तर ते काम पाच पायऱ्यांचं. कागद तिथवर खाली पाठवावा. नकाशा समजावून सांगायचा असेल तर बारा पायऱ्यांचं. साहेबांनी जिन्याच्या वळणापर्यंत उतरावं, नाना तिथवर चढतील. पुऱ्या बावीस पायऱ्यांचं काम त्यांच्या मते वर्षातून एकदाच निघायचं, आणि तेव्हा नेमकी त्यांची रजा असायची.

आळशी म्हटलेलं त्यांना चालत नसे. म्हणायचे, "तरुणपणी वीस वर्षं साक्री-शिरपूरची शेतं तुडवली मी. सरकारचे पाय तेव्हाच वापरून संपले. आता उरलेत ते माझे आहेत."

मी पाचोऱ्याकडचा. नोकरी लागल्यावर नानांच्याच घराच्या माडीवर खोली घेतली होती. खाली नाना आणि त्यांच्या पत्नी इंदूअक्का. मूलबाळ नव्हतं. अक्कांचे गुडघे संधिवातानं धरले होते. भिंतीला हात लावत त्या कशाबशा ओट्यापर्यंत येत आणि तिथंच बसून तांदूळ नाहीतर डाळ निवडत राहत.

त्या काळात मी पहाटे व्यायामशाळेत जायचो. परत आलो, की नाना आरामखुर्चीत, डोळे अर्धे मिटून, माझी उलटतपासणी घ्यायचे.

"महिन्याभरात मिळालं काय?"

"दंड पाऊण इंच वाढला, नाना."

"आणि गेलं काय?"

"रोजची तासभर झोप."

"म्हणजे महिन्याची तीस तास झोप देऊन तू पाऊण इंच दंड घेतलास. तीही पहाटेची झोप. तिच्यात स्वप्नं पडतात. पाऊण इंचात काय पडतं?"

खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. उशीजवळच्या खिडकीतून लिंबाची हलती फांदी पाहत पडून राहिलो, आणि नानांचं म्हणणं चूक वाटेना.

एकदा मी हट्टानं म्हणालो, "व्यायामानं आयुष्य वाढतं, नाना."

"वाढतं ना. पण कोणत्या टोकाला? म्हातारपणाच्या. पंचविशीच्या टोकाला चार वर्षं जोडून देत असलास, तर उद्यापासून मीही येतो."

अक्का तांदळातून मान वर न काढता हसायच्या. "ह्यांचं काही ऐकू नका, भाऊ," म्हणायच्या. "ह्यांना झोपेचासुद्धा थकवा येतो."

असे हे नाना श्रावणातल्या एका सकाळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पांझरा नदीच्या काठानं तरातरा चालताना दिसले, तेव्हा मी सायकलवरून उतरलोच.

"नाना, हे काय?"

"ढेरी," एवढंच बोलून ते पुढं गेले.

त्याच दिवशी ऑफिसात ते कोणी न बोलावता बावीस पायऱ्या चढून साहेबांच्या दारात उभे राहिले. साहेब घाबरून खुर्चीतून उठले. "काय झालं, नाना?" "काही नाही," म्हणाले आणि उतरून गेले. दिवसभरात असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी साहेबांनी दार लावून घेतलं.

ऑफिसात तर्क सुरू झाले. कोणी म्हणालं डॉक्टरांनी घाबरवलं, कोणी म्हणालं बढती येतेय. मी त्यांच्याच भाषेत विचारलं, "नाना, एवढं देताय, मिळणार काय?" त्यांनी बुटाची नाडी पुन्हा आवळली. मग म्हणाले, "बघू."

पुढं ते रविवारी गायब व्हायला लागले. पहाटेच्या एसटीनं जायचे, दुपारी परतायचे. दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी मागं लागलो आणि त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो. नानांजवळ एक गोणी होती. कंडक्टरनं विचारलं, "यात काय?"

"ज्वारी. सोनगीरला."

"कोणाला द्यायची?"

"कोणाला नाही. गडावर न्यायची, परत आणायची."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

सोनगीरचा गड तसा लहान. पण पाठीवर गोणी बांधून, वाकून, एकेक पाऊल मोजत चढणाऱ्या नानांच्या मागून जाताना मला तो आभाळाला लागलेला वाटला. वाटेत शेळ्या चारणारा एक म्हातारा टेकून बसला होता. नानांना तो ओळखत असावा. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "भाऊ, हाऊ माणूस दर रविवारले जवारी वर लई जास नि परत खाले आनस. वर काय बजार भरस का?"

वर पोचल्यावर नानांनी गावाकडं तोंड असलेला एक सपाट दगड निवडला. खिशातून रुमाल काढून तो नीट पुसला, आणि मग त्यावर गोणी बसवली. हलक्या हातानं. ती कलली तेव्हा तिला सावरलं, आणि स्वतः घाम पुसत बाजूला उभे राहिले.

"नाना," मी म्हणालो, "ढेरीसाठी दगड पुसतात?"

त्यांनी गोणीकडं पाहतच सांगितलं. इंदूअक्कांचं माहेर खाली दिसत होतं ते सोनगीर. वडील तांबट, आता नाहीत. भाऊ घर विकून सुरतेला गेले. श्रावणाच्या आधी एका संध्याकाळी अक्का डाळ निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "सोनगीरच्या गडावर पुन्हा एकदा जायचं राहूनच गेलं. आता काय होणार."

"अठ्ठावीस वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं," नाना म्हणाले. "हेही मागितलं नाही. नुसतं बोलली. आज गोणी छत्तीस किलोची आहे. ती स्वतः अठ्ठेचाळीस किलोची आहे."

"चार माणसं लावून खुर्चीत बसवून आणता आलं असतं, नाना."

"विचारलं मी. चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं, म्हणाली."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेची वेळ होती, त्यामुळं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अक्कांनी मुद्दाम तीच वेळ निवडली होती. रिक्षानं पायथ्याशी पोचलो तर गडाचा माथा धुक्यात बुडालेला. जुन्या सुती साडीची झोळी करून नानांनी अक्कांना पाठीशी बांधलं. अक्कांनी लाजून त्यांच्या मानेमागं तोंड लपवलं.

पहिला टप्पा ठीक गेला. मग अक्कांना हसू यायला लागलं. त्या हसल्या, की ओझं एका अंगाला जायचं आणि नाना दुसऱ्या अंगाला.

"हसू नकोस," नाना धापा टाकत म्हणाले. "ज्वारी हसत नव्हती."

त्यावर त्या आणखीच हसल्या. माथ्याखालच्या पायऱ्यांवर मात्र नाना गुडघ्यावर टेकले. चेहरा पांढरा पडला होता. अक्कांचं हसणं थांबलं. "उतरा आता," त्या म्हणाल्या. "दिसलं मला. एवढं पुरे."

"तुला धुकं दिसलंय," नाना म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मागून हात लाव." त्यांनी कोणाची मदत मागितलेली मी तेव्हाच पाहिली. मी अक्कांच्या पाठीला हात लावला, आणि आम्ही तिघं एका श्वासात वर गेलो.

नानांनी अक्कांना त्याच सपाट दगडावर बसवलं. धुक्याखाली गाव नव्हतंच. नुसता तांबटांच्या हातोड्यांचा आवाज वर येत होता. कुठला जड, कुठला किणकिणता. सगळं झोपेत ऐकल्यासारखं.

"वडलांचा हातोडा इथून ओळखू यायचा म्हणायचीस ना," नाना म्हणाले. "त्यासाठीच ना?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "त्यांच्यासाठी नाही आले मी."

धुकं फाटत गेलं. आधी चिंच दिसली, मग बांध. अक्कांनी बोट केलं.

"तठे. त्या चिंचेच्या पलीकडं. तुम्ही मोजणीला आला होतात. डोक्यावर पांढरी टोपी. आम्ही मुली इथं वर बसलो होतो. तुम्ही एकच शेत दोनदा मोजलंत. मुली हसल्या, म्हणाल्या याला येत नाही वाटतं. मी नाही हसले. घरी जाऊन आईला सांगितलं."

नाना गोंधळले. "स्थळ तर मामांनी आणलं होतं."

"मामांकडं निरोप कोणी पाठवला होता?"

नाना त्या शेताकडं पाहत राहिले. त्यांचा श्वास आता खाली बसला होता.

"त्या दिवशी बांधाची खूण सापडत नव्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून दोनदा मोजावं लागलं."

"मला काय ठाऊक. मला वाटलं, हा माणूस केलेलं काम पुन्हा करायला कंटाळत नाही."

नाना अक्कांशेजारी दगडावर बसले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच आपल्याला कोणीतरी पाहून ठेवलं होतं, ही गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होती. मी थोडा लांब जाऊन बसलो. मागून त्यांचा आवाज येत होता. मुली किती होत्या, ती कोणत्या बाजूला बसली होती, आपण वर एकदाही पाहिलं नाही का, असं एकेक ते विचारत होते, आणि अक्का सांगत होत्या. ऊन चढलं, रिक्षावाला खालून हाका मारायला लागला, तरी दोघांतलं कोणी उतरायचं नाव काढीना.