नानांचे जावईबापू

रोज संध्याकाळी सात वाजता आमची बेल वाजते. दारात नाना, हातात वही, कानामागे पेन.

"ताई, मी आज गेलतो का?"

नवख्या माणसाला घाम फुटावा असा प्रश्न. मी मात्र भाजी परतता परतता सांगते, "सकाळी जिन्यात. मिनिटभर." नाना समाधानाने लिहून घेतात आणि माझी सही मागतात.

नानांना फिट येतात; त्याला ते 'जाणं' म्हणतात. हातपाय झाडत नाहीत. पलीकडच्या गल्लीत कुणी ओळखीचं दिसावं तशी नजर लागते, बोटं शर्टाचं बटण चाळवत राहतात. भानावर आले की त्यांना यातलं काही आठवत नाही. तीस वर्षं ही वही त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, लिहायच्या. त्या वारल्यावर एका संशोधनात नानांच्या मेंदूत तारा घालून छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. त्याने फिट किती कमी होतात, हे बघायचं. पण नोंद पाहणाऱ्याचीच लागते. साक्षीदार नसेल तर माणूस संशोधनातून बाद. म्हणून समोरच्या दारातल्या माझी नेमणूक झाली.

मला घरून ऑफिसचं काम, दिवसभर पहारा कुठला जमतोय! तेव्हा नानांनी आमचा सगळा नल्लकुंटा मोहल्ला कामाला लावला. इडलीच्या गाडीवर एकदा माझ्यादेखत उलटतपासणी चालली होती.

"हौ साब, इत्ती देर खड़े थे, इडली ठंडी हो गई."

"पूरी ठंडी, या थोड़ी गरम?"

"मेरेकु क्या मालूम साब, खाए तो आप!"

वहीत नोंद झाली: इडली कोमट, अंदाजे दीड मिनिट.

यंत्राचं नाव जावईबापू. मॉलच्या तपासणीच्या कमानीतून जायचं नाही, जावईबापूंना खपत नाही. छातीवर चार्जिंगचा पट्टा बांधला की डोळे मिटून तासभर खुर्चीत. "हळू बोला, जावईबापू जेवायला बसलेत." त्या तासात घर इतकं शांत होतं की मलाही झापड येते.

परवा वही मिटून नाना म्हणाले, "सोमवारी करंट वाढवणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाणं बहुधा थांबेलच."

मी पेढे मागितले. नानांनी वही पुन्हा उघडली.

"ताई, एक रकाना तुम्ही वर्षभर कोरा ठेवलाय. 'रुग्ण काय बोलतो.'"

मी गॅस बंद केला. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर तो कोरा होता.

"कुसुमवहिनींशी बोलता, नाना."

ते दाराशीच स्टुलावर बसले. मग घाबरत म्हणाले, "वसकून बोलतो का? वसकायचो मी तिच्यावर. लै."

"नाही हो. 'कुसुम, चहा घेतलास का?' एवढंच विचारता. अगदी हळू. आणि वाट बघता."

"हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, "करंट नको वाटत असेल तर सांगून बघू या."

"छे! नक्को. भर रस्त्यात उभा राहतो मी, एखाद्या दिवशी बसखाली जाईन." त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. "सोमवारपर्यंत एक करा फक्त. मी गेलो की तुम्ही खांदा हलवून हाका मारता. लगेच मारू नका. उत्तर द्यायला तिला जरा वेळ लागायचा."