निंबाखालचा ताबा

सरस्वतीबाईंनी बाळाच्या झोळीतली मुंगी काढून लांब टाकली आणि पुन्हा वाकून पाहिलं. एक मुंगी निघाली म्हणजे दुसरी असणारच. निंबाच्या फांदीला टांगलेली ती झोळी सोडली तर बाळ कुठेच झोपत नसे, आणि झोळीतही दोरी ओढणारा हात थांबला की रडायला सुरुवात. तो हात दिवसभर सरस्वतीबाईंचाच असे. दुसऱ्या कुणाच्या हाती दोरी द्यायची म्हटलं की त्यांना फांदी मोडलेली दिसायची.

"लिव्हरी ऑफ सीझिन!" ओट्यावरून उत्तमराव गरजले. "सीझिन म्हणजे ताबा, लिव्हरी म्हणजे तो हाती सोपवणं! शब्द मूळचे फ्रेंच. नॉर्मन सरदारांनी इंग्लंड घेतलं तेव्हा सोबत आणले!"

"अहो, मनात वाचता येत नाही का?"

"मनात वाचलेलं मनातच राहतं. नागपूरला वकिलीच्या पेपरात उतरायला पाहिजे. करून पाहिलं पाहिजे हे."

नेमके त्याच वेळी शेजारचे हिंमतराव वांग्यांची टोपली घेऊन कुंपणापाशी आले. मागून सईदभाई पिंजारी येत होते. उत्तमरावांनी दोघांनाही आत बोलावलं. अंगणातलं एक ढेकूळ उचललं, निंबाची एक डहाळी तोडली आणि दोन्ही वस्तू हिंमतरावांच्या हातात ठेवल्या.

"या ढेकळानं आणि या डहाळीनं ही निंबाखालची जागा मी तुमच्या ताब्यात देतो. सईदभाई साक्षी! त्या काळी इंग्लंडात असंच चालायचं. लिहिता कुठं येत होतं कुणाला? कागद खोटा बोलतो, ढेकूळ बोलत नाही."

"वा, वकीलसाहेब!" म्हणत हिंमतरावांनी ढेकूळ जपून उपरण्यात बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरस्वतीबाई झोळी घेऊन बाहेर आल्या, तर निंबाखाली म्हैस, आणि तिच्याजवळ हिंमतराव.

"भाऊजी, ही इथं काऊन?"

"माह्या जागेत बांधून राह्यलो, वहिनी. गोठ्यात लय चिखल झाला."

"अहो हिंमतराव," उत्तमराव धावत आले, "तो माझा अभ्यास होता!"

"असंन. पन जागा तर देल्ली ना? इचारा सईदभाईले."

"हाव, म्या पाह्यलं," सईदभाई कुंपणावरून म्हणाले. "वकीलसाहेबानं आपल्या हातानं देल्लं. आता नाही म्हनत असतीन तं मले कोर्टात नेऊ नका बाप्पा, मी खरंच सांगीन."

गल्ली जमली. वकील व्हायच्या आधीच शब्द फिरवतो म्हटल्यावर मलकापुरात याच्याकडे खटला कोण आणणार, असं कुणीतरी मागून बोललं. उत्तमराव ओट्यावर परतले. दुपारी दोन भाऊ उपरण्यात आपापली ढेकळं बांधून शेताची वाटणी करून घ्यायला दारात आले, तेव्हा उत्तमराव माजघरात लपले.

झोळी स्वयंपाकघराच्या आढ्याला गेली. तिथे धूर. बाळ रडे, म्हैस ओरडे, आणि सरस्वतीबाई एका हाताने दोरी ओढत दुसऱ्या हाताने माश्या वारत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचं पुस्तक ओढून घेतलं. लग्नाआधी कॉलेजात दोन वर्षं काढली होती, इंग्रजी अजून वाचता येत होतं. वाचता वाचता त्या ताठ बसल्या. मग थेट निंबाखाली गेल्या.

"भाऊजी, जागा तुमची. पण फुकट नाही. या कायद्यात जमीन मिळाली की मालकाची चाकरी करावी लागते. तिला सार्जंटी म्हणतात. एका कुळाकडे तर एवढंच काम होतं, बोटीत राजाला मळमळलं की त्याचं डोकं धरायचं."

हिंमतराव घाबरले. "वकीलसाहेबाले मळमळून राह्यलं का?"

"नाही. तुम्ही झोळीची दोरी ओढायची. बाळ जागं असेपर्यंत."

दोन दिवसांत हा माणूस म्हैस घेऊन पळेल, असा त्यांचा हिशेब. झोळी पुन्हा फांदीला बांधली. पहिले काही झोके त्या दारातून टक लावून पाहत राहिल्या. फांदी मोडली नाही. हिंमतराव म्हशीशी बोलावं तसं बाळाशी बोलत होते, "हो हो हो, थांब बाई, थांब," आणि बाळ पेंगत होतं. सरस्वतीबाई आत आल्या, पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बसल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चटई अंथरली.

आठवड्याने हिंमतराव दारात उभे राहिले.

"वहिनी, घ्या तुमची जागा वापस. म्हैसही नेतो. मळ्यात वांगी सुकून चालली."

सरस्वतीबाई चटईवरून उठून बसल्या. "तसं जमत नाही, भाऊजी. मालकानं मोकळं केल्याशिवाय कुळाला जाता येत नाही."

"कायदाच तसा हाय?"

"तसाच आहे."

हिंमतरावांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा दोरी धरली.

थोड्या वेळाने उत्तमराव पुस्तकाची पानं उलटत आत आले. "अगं, हा नियम कुठं आहे? सार्जंटीच्या धड्यात तर कुठेच सापडत नाही!"

"हळू बोला. झोपमोड होईल."

"बाळ तर बाहेर आहे."

त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला.

"बाळाची कोण म्हणतंय?"