मासे खाणारी अस्वलं

एका जंगलात, बाळांनो, एक कॉलेजही होतं. तिथे केतकी नावाची कोल्हीण शिकत होती. शेवटच्या वर्षाला तिला प्रकल्प मिळाला. अस्वलांच्या अभयारण्यात जायचं आणि अस्वलाच्या जेवणावर फिल्म करायची.

केतकी कॅमेरा गळ्यात अडकवून सकाळीच पोचली. तिथे नागोजी नावाचं म्हातारं अस्वल राहायचं.

"काका, तुम्ही जेवताना शूटिंग केलं तर चालेल?"

"कर की. फक्त 'पुन्हा एकदा' म्हणू नकोस. वाळवी थांबत नाही."

नागोजीने नखांनी वारूळ फोडलं. फुंकर मारून माती उडवली. मग नाकपुड्या मिटल्या, ओठांचा चंबू केला आणि वाळवी अशी ओढली, की तो आवाज ऐकून झाडावरची माकडंसुद्धा वाकून बघायला लागली. केतकी श्वास रोखून बघत राहिली. घरी जाताना ती स्वतःशीच हसत होती.

बगळे सरांनी फिल्म पाहिली. सर म्हणजे जंगलातले सर्वांत मोठे वन्यजीवतज्ज्ञ. तळ्याचा काठ त्यांनी जन्मात सोडला नव्हता.

"यात मासा कुठाय?"

"सर, आपली अस्वलं मासे खात नाहीत. वाळवी खातात. मोहाची फुलं, जांभळं, मध..."

"मी परदेशी फिल्म बघतो, केतकी. अस्वल पाण्यात उभं असतं. तोंडात मासा असतो. तुझं अस्वल अंगण झाडायला आलंय का?"

"पण सर, मी स्वतः पाहिलं."

"तू पाहिलंस त्याला मार्क नसतात."

केतकी घरी जाऊन पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि बाजारातून एक मोठा मासा आणला. मेमरी कार्डात जागा नव्हती, म्हणून वाळवीची फिल्म पुसून टाकली.

नागोजीने मासा हुंगला. "याचं मी काय करू?"

"नुसता तोंडात धरा, काका. नाहीतर मी नापास होईन."

नागोजीला किळस आली. पण पोरीचा चेहरा बघवेना. तो डबक्यात उतरला, मासा दातांत धरला आणि ती सांगेल तसं रागीट तोंड करून उभा राहिला. शूटिंग संपल्यावर झुडपामागे जाऊन ओकला.

फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. सिंह महाराजांना ती बघून भरून आलं.

"आमच्या राज्यातली अस्वलं डबक्यात मासे शोधतात? लाज वाटते आम्हाला!"

लगेच हुकूम सुटला. अभयारण्यातली वारुळं सपाट करून तिथे तलाव खोदला. मोहाची झाडं तलावाच्या दृश्याआड येतात म्हणून तोडली. तलावात मासे सोडले आणि काठावर प्रेक्षकांसाठी गॅलरी बांधली.

वर्षाने तलावाचं उद्घाटन झालं. केतकी प्रमुख पाहुणी होती. अस्वलांना काठावर रांगेत बसवलं होतं. कातडी हाडांना चिकटली होती. नागोजीला तर उठताही येईना.

"पोरी," तो म्हणाला, "ती पहिली फिल्म महाराजांना दाखव ना."

केतकीने मान खाली घातली. "पुसली, काका."

"मग तोंडाने सांग. तू डोळ्यांनी पाहिलंयस."

केतकीने मंचाकडे पाहिलं. बगळे सर महाराजांच्या कानाशी लागले होते. तिच्याच नेमणुकीचं बोलणं चाललं होतं. सरांनी तिला हात केला.

"सांगते हं, काका. जरा संधी बघून."

पण भाषणं झाली, फोटो झाले, जेवण झालं, संधी काही मिळाली नाही. पुढच्याच आठवड्यात नागोजी गेला.

केतकीने त्याच्यावर फिल्म केली. नाव दिलं, 'तळं भरलेलं, अस्वल उपाशी: निसर्गाचं एक कोडं'. बघताना सगळं कॉलेज रडलं. आता त्या कॉलेजात केतकी मॅडम शिकवतात.

तात्पर्य: कोण काय खातं हे त्यालाच विचारत बसू नये. मार्क देणाऱ्याला काय आवडतं ते विचारावं. त्याने आपलं पोट भरतं. ज्याचं भरत नाही, त्याच्यावर दुसरी फिल्म करता येते.