लोंबता धागा

शहादेव माजलगावच्या एका कचेरीत हेडक्लार्क. कुठं काही लोंबतं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. मग ती फाइलीची नाडी असो, नाहीतर साहेबांच्या कोटाचं सुटलेलं बटण.

मुलीचं, वर्षाराणीचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. रुखवतात मधोमध मांडायला त्यांच्या पत्नीनं, केशरबाईंनी, दोन महिने खपून क्रोशाचा टेबलक्लॉथ विणत आणला होता. वरमाई साखराबाई, युसूफ वडगाव या गावच्या. त्या म्हणे रुखवतातली प्रत्येक वस्तू उलटी करून मागची वीण बघायच्या. घराची सारी इज्जत त्या टेबलक्लॉथवर होती.

रविवारी दुपारी शेजारच्या जानकीबाईंनी हाक मारली म्हणून केशरबाई क्रोशाची सुई काढून, फास तसाच मोकळा ठेवून गेल्या. शहादेवांना कडेला धागा लोंबताना दिसला. त्यांनी हळूच ओढला. आला. आणखी ओढला. आणखी आला. (शहाणा माणूस इथं थांबतो. शहादेवांना वाटलं, आता टोक येईलच.)

तासाभरानं केशरबाई परतल्या तेव्हा टेबलक्लॉथचा रुमाल झाला होता आणि नवऱ्याच्या मांडीवर नारळाएवढा गुंडा होता.

"आवं, हे काय केलंत?"

"येक धागा लोंबत हुता. नीट गुंडाळून ठिवलाय."

"दोन महिन्याचं काम हुतं ते!"

"वाया कुटं गेलंय? समदा दोरा हितंच हाय की."

केशरबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. शहादेवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी भरून देतो," ते म्हणाले. "मला शिकीव."

त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली. केशरबाईंनी पहिला टाका शिकवला, साखळीचा. दुसरा टाका काही केल्या जमेना. बारीक दोरा बोटांत सापडेना, म्हणून त्यांनी तो चारपदरी घेतला. रोज संध्याकाळी टेप लावून ते जाहीर करायचे, "आजवर सव्वीस फूट! प्रगती हाय!" तिकडे केशरबाई आणि जानकीबाई मुकाट्यानं नव्यानं विणत होत्या.

लग्नाच्या दिवशी टेबलक्लॉथ मांडला गेला, जरा आखूड का होईना. शहादेवांची साठ फुटी साखळी केशरबाईंनी रुखवताभोवती बांधली. पोरांनी हात लावू नये म्हणून, असं त्या म्हणाल्या. (खरं म्हणजे त्यांना दया आली होती.)

साखराबाईंनी टेबलक्लॉथ उलटा केला, निरखला. "झ्याक हाय," त्या म्हणाल्या. केशरबाईंचा जीव भांड्यात पडला. मग साखराबाईंनी साखळी धरली आणि दोनदा जोरात हिसडली.

"हे कुनी केलं?"

"मीच," शहादेव छाती काढून पुढं झाले.

"लई मजबूत हात हाय, इवाई! आमची शेळी समदी दावी तोडती. हे मी गोठ्यात लावते."

शहादेवांना तेवढंही पुष्कळ झालं. आठवडाभर ते कचेरीत ज्याला त्याला सांगत होते की आपली विणकाम कला सासरी वापरात आहे.

नवव्या दिवशी वर्षाराणीचा फोन आला.

"पप्पा, तुमचं दावं शेळीला तुटलं न्हाई."

"मंग! मी म्हनलंच हुतं!"

"तिनं खाल्लं."