नग क्रमांक पंधरा

मी आयुष्यात एकही वस्तू कोष्टक आखल्याशिवाय विकत घेतलेली नाही. तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवले होते की निवड मनाने नव्हे, निकषांनी करायची असते. त्या दिवसापासून आमच्या घरात कुकरपासून कंबरेच्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक वस्तू परीक्षेला बसून, गुण मिळवून, उत्तीर्ण होऊनच उंबरा ओलांडत आली आहे. आणि एकदाही फसलो नाही, हे मी छातीठोकपणे सांगत असतो.

"आणि माझ्या वेळी?" हिने एकदा विचारले होते.

"तुझ्या वेळी कोष्टक आखायला सवड मिळाली नाही," मी खरे तेच सांगितले. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

तर दुर्बिणीची हकीकत. निवृत्त झाल्यावर मी एक दुर्बीण घेतली. रीतसर, कोष्टक आखून! घरामागे अठरा फूट बाय बारा फूट परस आहे. त्याच्या बरोबर मध्यभागी तिच्यासाठी काँक्रीटचा गुडघाभर ओटा बांधला. हिला त्याच परसात दोन खांब आणि कपडे वाळत घालायला एक तार हवी होती. कारण आमचे कपडे गच्चीवर वाळतात, गच्चीला बावीस पायऱ्या आहेत, आणि हिच्या गुडघ्यांना त्यांतली प्रत्येक पायरी नावानिशी ठाऊक आहे. परंतु दुर्बीण आणि तार एका परसात नांदणे अशक्य आहे, हे मी मोजमापांसह आराखडा काढून सिद्ध केले होते. तारेमुळे आकाश झाकले जाईल, ओल्या कपड्यांमुळे भिंगावर दव धरेल, इत्यादी सहा कारणे. हिने आराखडा पाहिला आणि कपड्यांची बादली उचलून निमूट गच्चीवर गेली. चार वर्षे जात राहिली.

या हिवाळ्याच्या आरंभी मात्र बादली पहिल्याच पायरीवर टेकली.

"अहो, या चार वर्षांत मी त्या नळकांड्याला किती वेळा डोळा लावला?"

"अकरा वेळा," मी म्हणालो. माझ्याकडे नोंद होती.

"आणि काय दिसलं?"

"तू दर वेळी 'काही नाही' म्हणालीस."

"मग आता ऐका. मृग नक्षत्रात म्हणे तुमचा तो कसला मेघ आहे..."

"तेजोमेघ. ताऱ्यांचं जन्मस्थान आहे ते!"

"तेच ते. थंडी संपेपर्यंत तो मला दाखवा. 'ते बघ, तिथे बघ' असं सांगायचं नाही. माझा मला दिसला तर जन्मभर गच्चीवर जाईन. नाही दिसला, तर ओटा फुटणार आणि खांब येणार!"

मी हात पुढे केला. तिने हातात बादली दिली.

अडचण एकच होती. आमच्या भिंतीपलीकडे रस्त्याचा एक दिवा होता. पिवळा, म्हातारा, आजारी माणसासारखा रात्रभर जागा! त्याच्या उजेडात तेजोमेघासारखी फिकट वस्तू विरघळून जाई. यावर शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे फिल्टर: आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या नळीला, बसवायची लहानशी रंगीत काच. ती तेजोमेघाचा प्रकाश आत घेते आणि दिव्याचा बाहेर ठेवते. चांगल्यातला चांगला फिल्टर घ्यावा, तर तेवढ्या पैशांत दुसरी दुर्बीण आली असती. म्हणून परवडणाऱ्यांतला निवडायचा ठरवले. चौदा फिल्टर, नऊ निकष!

मुलीने फोनवर विचारले, "बाबा, अजून ठरलं नाही?"

"सातवा निकष चालू आहे."

"बाबा, डोळे मिटून एक घ्या आणि मोकळे व्हा!"

"डोळे मिटून घ्यायचा, तर दुर्बीण कशाला?"

तंत्रनिकेतनापासूनचा माझा मित्र पुढे कारखान्यात फोरमन झाला आणि अजून त्याच नावाने ओळखला जातो. तो मला विद्यार्थीदशेपासून कोष्टकराव म्हणतो. "कोष्टकराव, लेका, काच कसली चाळत बसलायस? तो दिवाच काढायला लाव की!" तो म्हणाला.

सूचना अशास्त्रीय होती, पण पूरक उपाय म्हणून मी दिवाबत्ती खात्याला एक अर्ज लिहिला. तीन पाने, अकरा मुद्दे, सोबत प्रकाशाच्या कोनाचे रेखाचित्र. आता इथे एक कबुली देतो. अर्जात मी दुर्बिणीचा उल्लेख केला नाही. या वयाच्या माणसाने तारे पाहायला मिळत नाहीत म्हणून सरकारदरबारी तक्रार करावी, हे मला लिहवेना. म्हणून मी शेवटी लिहिले, 'सदर दिव्याचा पिवळा व निकृष्ट प्रकाश नागरिकांस तापदायक असून त्यात आधुनिक पद्धतीने सुधारणा व्हावी.' वाक्य दोनदा वाचले. चांगले बसले होते!

अडीच महिन्यांनी नग क्रमांक नऊ पहिला आला. शंभरपैकी एक्याऐंशी गुण! पिवळा प्रकाश अडवण्यात तर त्याचा हात कोणी धरू शकत नव्हते. मागवला. मंगळवारी सकाळी डबी हातात पडली. मी ती उघडून उजेडात धरतोय, तोच भिंतीपलीकडे शिडीची गाडी येऊन थांबली.

"काका, अर्ज तुमचाच ना? अकरा मुद्द्यांचा?" गाडीतल्या वायरमनने वरूनच विचारले.

"हो! या, या!"

"आमच्या यादीत तुमचा दिवा सर्वांत शेवटी होता. पण साहेब म्हणाले, या माणसाने चित्र काढून दिलंय, आधी तिकडे जा!"

माझा ऊर भरून आला. वायरमनने पिवळा दिवा उतरवला आणि त्या जागी ताटाएवढे काहीतरी बसवले.

"हे काय?"

"आधुनिक पद्धत! पांढरा प्रकाश, आधीच्या तिप्पट. संध्याकाळी बघा, परसात सुई पडली तरी सापडेल!"

संध्याकाळी दिवा लागला आणि आमच्या परसात दुसरा दिवस उजाडला. कोपऱ्यातली फुलझाडे गोंधळलेली दिसली. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "काका, तुमचे उपकार! आता मी मशीन ओसरीवर आणलं. बल्बाखाली डोळे फोडायची कटकट गेली!" समोरचे दोघे येऊन हात मिळवून गेले. तीस वर्षांत या गल्लीत मला कोणी नमस्कार केला नव्हता. त्या संध्याकाळी सात जणांनी केला. अशा वेळी 'दिवा काढा' कोणत्या तोंडाने म्हणणार!

नग नऊची सगळी विद्वत्ता पिवळ्या प्रकाशापुरती होती. पांढऱ्यात सगळेच रंग. एकटा कोणाकोणाला अडवणार बिचारा? तरीही मी तो बसवला, दुर्बीण मृगाकडे वळवली आणि हिला बोलावले. ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली.

"हिरवं दिसतंय."

"आणि?"

"आणि सगळं हिरवंच." मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "हिरवं म्हणजेच तेजोमेघ का हो?"

मंडळी, एका 'हो'ने ओटा वाचला असता! तिने विचारलेही अशा आवाजात की, मी 'हो' म्हणावे असेच तिला वाटत असावे. पण ज्याने जन्मभर निकष सांभाळले, त्याच्या तोंडून खोटे गुण दिले जात नाहीत.

"नाही," मी म्हणालो. "तो दिव्याचाच उजेड आहे."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

थंडी संपायला दोनच दिवस उरले होते. फोरमन धावून आला. "प्लायवूडचा दरवाजाएवढा तुकडा घेऊ! काळा रंग मारू, बांबूला बांधू, भिंतीला लावून उभा करू. दिव्याचा बाप दिसणार नाही!"

"रंग वाळायला किती वेळ?"

"दोन तास."

मी डब्यावरच्या सूचना वाचल्या. त्यांत सहा तास लिहिले होते. वारा आणि फोरमन दोघांनीही त्या वाचल्या नव्हत्या. तिसऱ्या तासाला वाऱ्याची एकच झुळूक आली आणि आमचे काळे दार सावकाश, एखाद्या थकलेल्या माणसासारखे, भिंतीपलीकडे आडवे झाले. पलीकडे बाईंनी कुणा दवाखान्याच्या मागणीचे बारा पांढरे कोट रांगेत टांगले होते.

"काका!"

आम्ही भिंतीवरून पाहिले. अकरा कोट पांढरे होते. बाराव्याच्या पाठीवर काळा पट्टा होता.

"तुम्ही दिवा आणून दिलात म्हणून गप्प बसते," बाई दातओठ खात म्हणाल्या, "नाहीतर आज तुम्हालाच दोरीवर टांगलं असतं!"

"मी काही दिवा आणला नाही!" फोरमन घाईघाईने म्हणाला आणि मागच्या मागे घरी गेला.

हिने तो कोट मागून घेतला, टर्पेंटाइनने पुसला, तीनदा धुतला आणि वाळत घालायला गच्चीवर निघाली. मी खाली उभा राहून ऐकत होतो. नवव्या पायरीवर ती थांबली. चौदावीवर पुन्हा थांबली. सोळावीवर बराच वेळ काही आवाज आला नाही.

"आण, मी नेतो," मी खालून म्हणालो.

"असू दे," वरून आवाज आला. "थंडी संपली."

रविवारी वेल्डर आला. दोन खांब, वर आडवा अँगल, दुहेरी तार. मी माझा आराखडा काढून त्याला दाखवला नाही. त्याने ओट्याकडे पाहून डोके खाजवले. "आजी, हे फोडायचं काम माझं नाही. त्याला दुसरा माणूस लागतो, तो उद्या येईल. खांब मी भिंतीकडेनं लावतो, ओट्याला धक्का नको."

दुपारीच हिने हिवाळ्याची दोन मोठी ब्लँकेटे धुवायला काढली. बावीस पायऱ्या नाहीत म्हटल्यावर तिला किती धुवू अन् किती नको असे झाले होते. खुर्ची शेजारी घेऊन, उठत-बसत, गुणगुणत तिने ती तारेवर पसरली. चार वर्षांत तिला गुणगुणताना मी ऐकले नव्हते. त्याची नोंद माझ्याकडे नव्हती.

संध्याकाळी अंधार पडल्यावर मी दुर्बीण आत न्यायला परसात गेलो. फिल्टर डबीत घालून डबी खिशात टाकली. ओट्यावरचे स्क्रू सोडवायला वाकलो, तर स्क्रू दिसेनात. चष्मा पुसला. तरी दिसेनात. मग मान वर केली. भिंतीपासून पार ओट्यापर्यंत सगळा काळोख होता! दिवा जळतच होता, पण तो ब्लँकेटांच्या पलीकडे. आणि ब्लँकेटांच्या वर, माझ्या आराखड्यात जिथे आकाश झाकले जाणार होते तिथे, मृग नक्षत्र पूर्ण उघडे होते.

मी हिला हाक मारली. काही सांगितले नाही. फक्त बाजूला झालो.

तिने डोळा लावला. एक मिनिट गेले. दोन गेली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मधे चार बारीक तारे आहेत... आणि भोवती कुणी आरशावर फुंकर मारल्यासारखं धुरकट. पंख पसरल्यासारखं. ते काय आहे?"

मी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"हेच ना?" ती म्हणाली. "दिसलं हो मला!" आणि मग, डोळा न काढता, "चला, तुमची ती काच एकदाची कामाला आली म्हणायची."

"काच..." मी म्हणालो.

"ती खिशात खडखडतेय. ऐकू येतंय मला."

दुसऱ्या दिवशी ओटा फोडणारा माणूस आला, त्याला हिने दारातूनच परत पाठवले. ओटा राहिला, तारही राहिली. अट फक्त एक पडली: ज्या संध्याकाळी आकाश पाहायचे असेल, त्या दुपारी ब्लँकेटे मी धुवायची. सुकी चालत नाहीत. वाऱ्याने उडतात, हेही मी तीनदा मोजून पाहिले.

कोष्टकात मी रीतसर नवी ओळ आखली आहे. नग क्रमांक पंधरा: घरचे ब्लँकेट, जाड, दोन. परवडण्याच्या निकषात पैकीच्या पैकी. एकूण गुण चौऱ्याण्णव. सहा का कापले, असे ही विचारते.

मी पट्टा आवळतो आणि कंबर धरून म्हणतो, "ओले असताना उचलून बघ!"